सुरतेचा विरोध अडाणी नव्हता

मे २०२४ मध्ये आधी वडोदऱ्यात आणि पाठोपाठ सुरतेत लोक स्मार्ट मीटरविरुद्ध रस्त्यावर आले. तेव्हापासून सुशिक्षित वर्तुळात एक मत पक्के झाले आहे. ते म्हणते, नवे यंत्र आले की आपल्याकडे ओरड होतेच. बँकेत संगणक आले तेव्हाही झाली होती. उद्या एसी, फ्रिज, माग, गाडी, मनगटावरचे घड्याळ, सगळेच इंटरनेटला जोडले जाणार आहे आणि मीटर ही त्याची सुरुवात आहे. लोकांना नीट समजावून सांगितले की विरोध आपोआप मावळेल. थोडक्यात, दुखणे अज्ञानाचे आणि औषध जनजागृतीचे.

हे निदान चुकले आहे. येत्या काही वर्षांत घराघरांत आणि कारखान्यांत जी जोडलेली उपकरणे येतील, त्यांचे बरेवाईट या एका निदानावर ठरणार आहे. म्हणून त्याचे खंडन अगत्याचे आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. स्मार्ट मीटर दर पंधरा-तीस मिनिटांचा वापर नोंदवतो आणि स्वतःच कंपनीकडे पाठवतो. त्यामुळे अंदाजे बिल बंद होते, रीडिंग घेणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही, कुठल्या भागात दाब घसरला ते कार्यालयात बसून कळते. दिवसा सौर वीज मुबलक असते तेव्हा ती स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी महाग, अशी आकारणीही याच मीटरमुळे शक्य होते. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत तशी तरतूद आहे. २०२१ मध्ये केंद्राने सुमारे तीन लाख कोटी रुपयांची वितरण सुधारणा योजना मंजूर केली आणि २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचे उद्दिष्ट ठेवले, ते उगाच नाही. ‘नवा मीटर पळतो’ या तक्रारीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. अचूकतेच्या बाबतीत हा मीटर घरातल्या साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरच्याच वर्गातला आहे. तो मुळातच जास्त मोजतो असे मानायला आधार नाही.

एवढे मान्य करूनही मूळ मत टिकत नाही.

पहिला मुद्दा असा की, सुरतेवर नव्या यंत्राच्या भीतीचा आरोप करणे म्हणजे सुरत न पाहता बोलणे. कतारगाम-वराछाच्या हिरे कारखान्यांत कच्च्या खड्याच्या आतला डाग शोधायला इस्रायलच्या सरीन कंपनीची गॅलेक्सी यंत्रे चालतात. खडा कुठे चिरायचा हे संगणकाच्या पडद्यावर ठरते आणि लेझर तो चिरतो. मागाच्या कारखान्यांत ताण्याचा किंवा बाण्याचा धागा किती वेळा तुटला, पाळीत माग किती मिनिटे बंद होता, हे नोंदणाऱ्या यंत्रणा आल्या आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन उधना, लिंबायत, डिंडोलीत वसलेला खानदेशी कामगार गावी पैसे मोबाइलवरून पाठवतो आणि मोबाइलचे रिचार्ज कित्येक वर्षे प्रीपेडच करतो आहे. ‘प्रीपेड’ आणि ‘ऑनलाइन’ हे त्याच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. त्याला यंत्र कळत नाही म्हणून तो चिडला, हे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून आहे.

मग तो चिडला कशावर? यंत्राबरोबर गुपचूप बदललेल्या व्यवहारावर. गुजरातेत घरगुती विजेचे बिल दोन महिन्यांनी येते. म्हणजे वीज आधी वापरायची, पैसे नंतर द्यायचे. पगार किंवा मजुरी हातात पडेपर्यंत मिळणारी ही उधारी कामगाराच्या घरखर्चाचा कणा असते. प्रीपेड मीटर बसला त्या दिवशी ती संपली. वर स्थिर आकारही रोज थोडाथोडा वळता होऊ लागला. पूर्वी दोन महिन्यांतून एकदा दिसणारा आकडा आता रोज घटताना दिसू लागला. बिल तितकेच असले तरी त्या कुटुंबाची ओढाताण खरीच वाढली होती. ‘मीटर पळतो’ हे निदान चुकीचे असेल, त्यामागचे दुखणे खोटे नव्हते.

दुसरा मुद्दा कायद्याचा. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर रक्कम निषेध नोंदवून भरण्याचा आणि पुरवठा चालू ठेवण्याचा हक्कही त्याच कलमात आहे. प्रीपेडमध्ये थकबाकीच नसते, मग नोटीस कशाला, असे यावर उत्तर दिले जाते. तर्क म्हणून ते जुळते. पण परिणाम पाहा. वादग्रस्त रक्कम आधीच वळती झालेली असते, शिल्लक संपली की दूरवरून वीज तुटते आणि भांडायचे ते अंधारात बसून. ज्या संरक्षणासाठी कलम ५६ लिहिले गेले, ते यंत्राच्या एका सोयीने निकामी होते. शिवाय कलम ४७(५) सांगते की, ग्राहक प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार असेल तर त्याच्याकडून अनामत मागता येणार नाही. म्हणजे कायद्याने प्रीपेडकडे ग्राहकाची तयारी म्हणून पाहिले आहे. त्या तयारीची सक्ती करणाऱ्या योजनेला लोकांनी विरोध केला, तेव्हा कायद्याचा आशय त्यांच्याच बाजूला होता.

तिसरा मुद्दा सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एखाद्या चाळीसमोर उभे राहिले की समजतो. जिन्याखाली मालकाच्या नावाचा एक मीटर. त्यावर वरखाली आठ-दहा खोल्या. काही खोल्यांना मालकाने लावलेले छोटे सबमीटर, काहींचा हिशेब पंख्यामागे आणि बल्बमागे ठरलेला. स्मार्ट मीटरचा संदेश जातो तो नोंदवलेल्या मोबाइलवर, म्हणजे मालकाच्या. शिल्लक संपत आल्याचे त्याला कळते, अंधार मात्र रात्रपाळीहून येऊन झोपलेल्या भाडेकरूच्या खोलीत होतो. त्याने पैसे दिलेले असतात, पण कंपनीच्या संगणकात तो अस्तित्वातच नसतो. जोडलेल्या उपकरणांची चर्चा होते तेव्हा एक घर, एक कुटुंब, एक मोबाइल असे चित्र गृहीत धरले जाते. स्थलांतरितांच्या शहरातला फार मोठा भाग त्या चित्रात बसत नाही. जनजागृतीच्या कितीही पत्रकांनी हे भागणार नाही, कारण चूक यंत्रणेच्या आखणीत आहे.

चौथा मुद्दा, हा विरोध मागासांचाच असतो या समजुतीबद्दल. सतराव्या शतकात ज्या डचांची वखार सुरतेत होती, त्यांच्या देशाकडे पाहू. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीच्या स्मार्ट मीटरचे विधेयक अडवले. घरात माणसे केव्हा उठतात, केव्हा बाहेर जातात हे वापराच्या बारीक नोंदींवरून ओळखता येते, हे आक्षेपाचे मुख्य कारण होते. २०११ मध्ये सुधारलेला कायदा झाला, तो नकाराचा हक्क देऊन. तिथल्या लोकांना कोणी अडाणी म्हटले नाही. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. तो हक्क ॲमस्टरडॅमला शोभतो आणि उधन्याला शोभत नाही, असे कोणी म्हणू नये.

आता शेवटचा आक्षेप: वीजचोरी आणि वसुलीचे काय? सुरतेपुरते उत्तर सरळ आहे. शहराचा जुना मधला भाग टोरंट कंपनीकडे आहे आणि उधना-पांडेसरा दक्षिण गुजरात वीज कंपनीकडे. गुजरातच्या चारही सरकारी वितरण कंपन्या केंद्राच्या मानांकनात वर्षानुवर्षे वरच्या श्रेणीत आहेत. जिथे ग्राहक बिले भरतातच, तिथे सर्वांना प्रीपेडच्या दावणीला बांधण्याचे प्रयोजन काय? चोरी पकडायला फीडर आणि रोहित्रांवरचे मीटर हा अधिक नेमका उपाय आहे. त्याला सुरतेतल्या कोणत्याही भाडेकरूची हरकत नाही.

खंडन इथे संपते. मंडन करायचे तर उदाहरण सुरतेतच आहे. ७ ऑगस्ट २००६ च्या सुमारास उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. आज पावसाळा लागला की धरणाची पातळी वर्तमानपत्रात येते, फोनवर फिरते. पूर्ण पातळी ३४५ फूट, हे इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ असते. अधिकारी जो आकडा पाहतो तोच नागरिक पाहतो, आणि तो पाहून सामान वरच्या मजल्यावर न्यायचे की नाही हे स्वतः ठरवतो. त्या यंत्रणेविरुद्ध मोर्चा निघालेला नाही. माहिती दोन्हीकडे जाते आणि निर्णय माणसाच्या हातात राहतो, तिथे सुरत यंत्रावर विश्वास ठेवते.

हीच कसोटी मीटरला लावा. प्रीपेड हा पर्याय असू द्या, सक्ती नको. पुरवठा तोडण्यापूर्वी नोटीस आणि तक्रारीची संधी असू द्या. सूचना प्रत्यक्ष वीज वापरणाऱ्या भाडेकरूपर्यंत, त्याला वाचता येईल अशा मराठी, गुजराती, हिंदी किंवा ओडियात पोहोचू द्या. बारीक नोंदी किती काळ ठेवायच्या आणि कोणाला द्यायच्या याची मर्यादा लिहून द्या. फेब्रुवारी २०२४ च्या नियमदुरुस्तीनुसार रीडिंगबद्दल तक्रार आल्यास पाच दिवसांत जोड-मीटर बसवून किमान तीन महिने पडताळणी करावी लागते. हा हक्क प्रत्येक बिलावर छापा. या मागण्यांपैकी एकही तंत्रज्ञानाच्या आड येत नाही.

मोर्च्यांनंतर गुजरात सरकारला स्मार्ट मीटरशेजारी जुना मीटर ठेवून ताळा दाखवण्याची घोषणा करावी लागली. महाराष्ट्रातही जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचे तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. हे निवडणुकीचे राजकारण म्हणून सोडून देता येईल, पण मग पुढचे धडे चुकतील. कारण मागावरचा सेन्सर उद्या कामगाराची मजुरी ठरवेल, गाडीतला ट्रॅकर चालकाचा दंड ठरवेल, मनगटावरचे यंत्र विम्याचा हप्ता ठरवेल. त्या प्रत्येक वेळी प्रश्न हाच असेल की नोंद कोण पाहतो, बटण कोणाच्या हातात आहे आणि दाद कुठे मागायची. सुरतेच्या लोकांनी हे प्रश्न वेळेत विचारले. त्यांना शिकवायला निघण्यापूर्वी त्यांची उत्तरे द्यावीत, एवढी साधी जबाबदारी यंत्रे बसवणाऱ्यांवर आहे.