ठाणे जिल्ह्याला कोणी विचारले होते? तारापूर, माडबन आणि मुरबाडची ग्रामसभा (धागा)

धरणाच्या शेजारी राहून टँकरची वाट पाहणे म्हणजे काय, हे शहापूर-मुरबाडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले, पुढे भातसा झाले आणि पाणी मुंबईकडे गेले. त्याच जुन्या ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, समुद्रकाठी, देशातले पहिले अणुवीजकेंद्र उभे राहिले, ते तारापूरला. (पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, तोवर तारापूर ठाण्याचेच.) या केंद्राबाबत शेजारच्या गावांना नेमके काय विचारले गेले होते?

साठच्या दशकात विचारण्याची सोयच नव्हती. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने हा विषय केंद्र सरकारच्या हाती दिला आणि अणुकेंद्रांविषयीची माहिती रोखून धरण्याचा अधिकारही त्यालाच दिला. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अणुभट्ट्या आल्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. पर्यावरण संरक्षण कायदा आला तो १९८६ साली.

गावकऱ्याच्या हाती उरत होता तो १८९४ चा भूसंपादन कायदा. त्यात कलम ५-अ प्रमाणे हरकत नोंदवता येई. जिल्हाधिकारी ती ऐकून घेत, अहवाल पाठवत, आणि निर्णय सरकार करी. निकड दाखवली की तेवढे ऐकणेही टाळता येई. शिवाय हरकतीचा हक्क जमिनीतील हितसंबंधाशी बांधलेला होता. शेतकऱ्याकडे निदान सातबारा होता. समुद्राचा सातबारा कोणाच्याच नावे नसतो. त्यामुळे ज्याची खरी शेती पाण्यात, त्या मच्छीमाराला कायद्याच्या दृष्टीने हरकत घेण्यासारखे फारसे काही नव्हते.

याचा अर्थ अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना पुढे कळला. तारापूरच्या ३ व ४ क्रमांकाच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या अणुभट्ट्यांसाठी ही गावे उठवण्यात आली. या अणुभट्ट्यांची व्यापारी वीजनिर्मिती २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाली. विस्थापितांचा पुनर्वसनाचा दावा मात्र मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. माजी केंद्रीय मंत्री राम नाईक यांनीही तेथे त्यांची बाजू मांडली. भिंती मोजून घर बांधून देता येते. किनाऱ्यापासूनचे अंतर कोणत्या दराने भरून द्यायचे, याचे कोष्टक सरकारी दप्तरात नव्हते.

रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरच्या वेळी परिस्थिती बदललेली दिसते. आता जनसुनावणी अनिवार्य होती. १६ मे २०१० रोजी माडबनला ती झाली. पर्यावरण अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही, ही ग्रामस्थांची पहिलीच तक्रार होती, आणि ती किरकोळ म्हणता येणार नाही; जे वाचता आले नाही त्यावर बोलायचे काय? त्याहून मोठी अडचण रचनेतच होती. सुनावणीत मत नोंदवले जाते, मतदान होत नाही. लोकांच्या मनातला मुख्य प्रश्न किरणोत्साराचा. तो पर्यावरण मंत्रालयाच्या कक्षेबाहेरचा, अणुऊर्जा नियामक मंडळाचा ठरला. म्हणजे जिथे बोलता येत होते तिथे उत्तर नव्हते. २८ नोव्हेंबर २०१० रोजी ३५ अटींसह मंजुरी मिळाली आणि आठवडाभरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी करारासाठी भारतात दाखल झाले. हा योगायोग मानायला कोकणात फारसे कोणी तयार नव्हते. अनेकांनी मोबदल्याचे धनादेश नाकारले. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा घडले. १८ एप्रिलला नाटे येथे पोलीस गोळीबारात एका तरुणाचा मृत्यू झाला.

नकाराधिकार दिला तर देशाची कामेच थांबतील, हा नेहमीचा युक्तिवाद. फिनलंडच्या १९८७ च्या कायद्यात यजमान नगरपालिकेची संमती ही पूर्वअट आहे. तरीही २००० साली युराजोकी नगरपालिकेने वापरलेल्या अणुइंधनाच्या कायमस्वरूपी साठ्याला होकार दिला. नाही म्हणता येत होते, म्हणूनच त्या होकाराला वजन आले.

आणि मुरबाड? तेथील काळू धरणाचे काम २०११ मध्ये वनखात्याच्या परवानगीविना सुरू झाले. जंगल बुडणार होते, आणि जंगलाच्या बाबतीत कायदा वेगळे बोलत होता. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याआधारे निघालेले ३ ऑगस्ट २००९ चे केंद्राचे परिपत्रक यांनुसार वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती लागते. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि मार्च २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवले. येथे ग्रामसभेचा शब्द नुसता टिपून घ्यायचा नव्हता, तो लागत होता.

माडबनच्या सड्याला हे कवच नव्हते. पुढे २०१३ चा नवा भूसंपादन कायदा आला. त्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रमाला ही अट नाही. आणि तारापूर चालवणारे व जैतापूर उभारू पाहणारे अणुऊर्जा महामंडळ हा असाच सरकारी उपक्रम आहे.