मैलापासून वॅटपर्यंत : सायकल-संगणकाच्या नोंदींची साधनचिकित्सा

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती एखादे साधन आले म्हणजे तो प्रथम त्याचे बहिरंग परीक्षण करतो आणि नंतर अंतरंग परीक्षण. कागद अस्सल आहे काय, हा पहिला प्रश्न. अस्सल असला तरी तो नेमके कशाविषयी बोलतो आणि त्याच्या बोलण्यावर किती भिस्त ठेवावी, हा दुसरा. बखरी, सनदा व पत्रव्यवहार यांच्याबाबत ही शिस्त आपल्या अंगवळणी पडलेली आहे. सायकलच्या हँडलवर बसविलेल्या छोट्या यंत्रातून जे आकडे बाहेर पडतात, तीही एक प्रकारची दप्तरनोंदच होय. तिला मात्र ही कसोटी क्वचितच लावली जाते.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत द्विसदस्यीय गटात पूर्ण केली. त्याच्या आगेमागे महाराष्ट्रातील अनेक शहरांत दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगची गोडी वाढली. नवा सायकलपटू लवकरच दोन प्रश्नांपाशी येऊन ठेपतो : कोणते यंत्र घ्यावे, आणि त्यातील आकड्यांनी आपला सराव खरोखर सुधारतो काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. हे यंत्र प्रथम कोणत्या गरजेतून निर्माण झाले आणि पुढे त्याच्याकडून कोणकोणत्या अपेक्षा करण्यात आल्या, हे पाहिल्यावाचून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही, अशी लेखकाची धारणा आहे.

मैलाची साक्ष

१८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे एकस्व घेतले आणि पुढील काही वर्षांत युरोप-अमेरिकेत सायकल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. एका दिवसात शंभर मैलांची फेरी पूर्ण करणे ही त्या काळी प्रतिष्ठेची बाब बनली. परंतु फेरी शंभर मैलांची झाली, हे सिद्ध कसे करावयाचे? अमेरिकेतील हार्टफर्ड येथील कर्टिस व्हीडर यांचे सायक्लोमीटर १८९५ मध्ये बाजारात आले ते या गरजेच्या पार्श्वभूमीवर. पुढच्या चाकाच्या आसाजवळ एक लहानशी डबी बसवीत आणि चाकाच्या एका आरीला खुंटी लावीत. प्रत्येक फेऱ्यास ही खुंटी डबीवरील तारकाकृती चक्रास टिचकी मारी. आतील दाते त्या टिचक्या मोजून मैल दाखवीत. हे यंत्र चाकाच्या व्यासानुसार निरनिराळे घ्यावे लागे. त्याला वेग ठाऊक नव्हता, चढ-उतार ठाऊक नव्हता आणि स्वार थकला की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. त्याचे काम साक्षीदाराचे होते.

या साक्षीचा कस पाहावयाचा असेल तर इंग्लंडमधील टॉमी गॉडविन यांचे उदाहरण सर्वोत्तम ठरेल. ‘सायकलिंग’ या इंग्रजी साप्ताहिकाने १९११ पासून वर्षभरात सर्वाधिक अंतर कापण्याची स्पर्धा चालविली होती. गॉडविन यांनी १९३९ या एका वर्षात ७५,०६५ मैल, म्हणजे सुमारे १,२०,८०० किलोमीटर सायकल चालविली. दररोजची सरासरी २०५ मैलांहून अधिक पडते. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले, रात्रीचा अंधारबंद लागू झाला, तरी त्यांनी क्रम सोडला नाही. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, केवळ यंत्राच्या आकड्यावर कोणी विसंबले नाही. वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या सह्या घेतलेली पत्रे यंत्राच्या आकड्याला जोडून तपासली जात. इतिहासाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, एका साधनाची दुसऱ्या स्वतंत्र साधनाने पुष्टी केली जात होती. हा विक्रम अमेरिकेच्या कर्ट सर्व्होगेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये ७६,०७६ मैलांनिशी मोडला, तेव्हा सह्यांच्या पत्रांची जागा जीपीएसच्या नोंदींनी घेतली होती. साधन बदलले, परंतु प्रश्न तोच राहिला : हा मनुष्य तेथपर्यंत गेला होता काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यास यंत्र पूर्णतः समर्थ आहे.

हृदयाचे ठोके आणि मेक्सिकोचा विक्रम

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी चुंबक व विजेरीवर चालणारे मापक आले. आरीवरील चुंबक चौकटीवरील संवेदकाजवळून गेला की एक फेरा मोजला जाई. वेग, सरासरी व वेळ एकाच पडद्यावर दिसू लागले. तत्त्वतः यात व्हीडर यांच्या डबीपेक्षा फार नवे काही नव्हते. खरी नवी गोष्ट फिनलंडमध्ये घडली. सेप्पो सायनायाकंगास यांनी १९७७ मध्ये स्थापन केलेल्या ‘पोलर’ या संस्थेने १९८२ साली छातीच्या पट्ट्यातून मनगटावरील घड्याळापर्यंत बिनतारी संदेश पाठविणारा हृदयगती-मापक बाजारात आणला. तोवर यंत्र चाकाकडे पाहत होते, आता ते स्वाराकडे पाहू लागले.

त्याच वर्षी इटलीतील फेरारा विद्यापीठाच्या फ्रान्चेस्को कोन्कोनी यांनी आपली चाचणी प्रसिद्ध केली. वेग वाढत गेला की हृदयगतीही सरळ रेषेत वाढते, परंतु एका टप्प्यानंतर रेषा किंचित वाकते. ते वळण म्हणजे दीर्घकाळ टिकवता येणाऱ्या श्रमाची सीमा, असे त्यांचे प्रतिपादन होते. (हे वळण सर्वच खेळाडूंत आढळत नाही, असे नंतरच्या संशोधकांनी दाखविले.) कोन्कोनी यांच्या मार्गदर्शनाखाली फ्रान्चेस्को मोझेर यांनी जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको शहरात एका तासाचा विक्रम चार दिवसांत दोनदा मोडला. १९ तारखेस ५०.८०८ किलोमीटर आणि २३ तारखेस ५१.१५१ किलोमीटर. एडी मर्क्स यांनी त्याच शहरात १९७२ साली ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले होते. अकरा-बारा वर्षांत पावणेदोन किलोमीटरची ही वाढ पाहून शास्त्रीय सरावाचे युग अवतरले, असे अनेकांना वाटले.

बहिरंग परीक्षणात मोझेर यांचा आकडा निर्दोष उतरतो. अंतर खरे, वेळ खरी. अंतरंग परीक्षणात मात्र तो डळमळतो. या सायकलची चाके आऱ्यांची नसून भरीव तबकडीची होती. शिवाय मोझेर यांनी १९९९ मध्ये आपण रक्तसंक्रमणाचा अवलंब केल्याचे मान्य केले. १९८४ साली तसे करण्यास मनाई नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. म्हणजे ही वाढ सरावाची किती, चाकाची किती आणि रक्ताची किती, हे त्या आकड्यातून उलगडत नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २००० साली मर्क्स यांच्या सायकलसारख्याच सायकलीवरील विक्रम ग्राह्य धरण्याचे ठरविले. त्या अटीवर ख्रिस बोर्डमन यांनी मँचेस्टर येथे ४९.४४१ किलोमीटर नोंदविले, मर्क्सपेक्षा अवघे दहा मीटर अधिक! अठ्ठावीस वर्षांच्या ‘प्रगती’चा हा हिशेब कोणाही अभ्यासकास अंतर्मुख करणारा आहे.

वॅटचे युग

वेग हे श्रमाचे भरवशाचे माप नव्हे. कसारा घाट चढताना ताशी दहा किलोमीटर वेगाने जाणारा स्वार सपाटीवर ताशी तीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्यापेक्षा अधिक कष्ट घेत असू शकतो. समोरचा वारा हिशेब आणखी बिघडवितो. हृदयगतीही उष्म्याने, अपुऱ्या झोपेने वा चहा-कॉफीने बदलते आणि श्रम वाढल्यानंतर काहीशी उशिराने वाढते. १९८६ मध्ये जर्मन अभियंता उलरिख शोबेरर यांनी पायट्याला जोडलेल्या चात्यात ताणमापक पट्ट्या बसवून ही अडचण दूर केली. धातूला पडणारा सूक्ष्म पीळ आणि फिरण्याची गती यांच्या गुणाकारातून स्वाराची शक्ती वॅटमध्ये मिळू लागली. प्रारंभी हे उपकरण अत्यंत महाग असल्याने ते प्रयोगशाळा आणि ग्रेग लेमाँड यांच्यासारखे मोजके व्यावसायिक यांच्यापुरते मर्यादित होते. २००६ मध्ये हंटर अॅलन व अँड्र्यू कॉगन यांचा शक्तिमापकावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि वीस मिनिटांच्या चाचणीतील सरासरी शक्तीच्या ९५ टक्के ही स्वाराची ‘उंबरठा शक्ती’ मानण्याचा प्रघात हौशी सायकलपटूंतही रूढ झाला.

तथापि वॅटचा आकडाही भाष्यावाचून बोलत नाही. १४ जुलै २०१५ रोजी ‘टूर द फ्रान्स’मध्ये ख्रिस फ्रूम यांनी ला पिएर-सँ-मार्ताँ हा चढ इतक्या जोमाने चढला की उत्तेजकांचा संशय व्यक्त झाला. एका फ्रेंच दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्यांची शक्ती दर किलोग्रॅम वजनामागे ७.०४ वॅट असल्याचा अंदाज मांडला. उत्तरादाखल फ्रूम यांच्या संघाने प्रत्यक्ष आकडा जाहीर केला : सरासरी ४१४ वॅट. फ्रूम यांचे वजन ६७.५ किलोग्रॅम आहे आणि त्यांच्या सायकलीचे दातेरी चक्र लंबगोल असल्याने मापक सुमारे सहा टक्के अधिक दाखवितो, अशी पुस्तीही जोडली. त्यानुसार हिशेब ५.७८ वर आला. एकच चढ, एकच स्वार, आणि आकडे दोन! शंका घेणाऱ्यांचे समाधान झाले नाही ते नाहीच. गॉडविन यांच्या पत्रांवर वाटेतल्या तिऱ्हाइतांच्या सह्या होत्या. येथे यंत्र, वजन आणि दुरुस्ती हे तिन्ही एकाच पक्षाकडून आले होते.

‘टूर’चे संचालक क्रिस्तियाँ प्रुधोम यांनी २०१८ मध्ये शर्यतीत शक्तिमापकांवर बंदी घालावी असे मत मांडले. त्यांची तक्रार अशी की, स्वार प्रतिस्पर्ध्याकडे न पाहता पडद्याकडे पाहून आपला वेग आखतो आणि धाडसी हल्ले दुर्मीळ होतात. हे गाऱ्हाणे प्रेक्षकाचे आहे हे खरे, परंतु त्यातून एक गोष्ट निर्विवाद दिसते. व्हीडर यांचे यंत्र घडून गेलेल्या गोष्टीची साक्ष देत होते, तर हे यंत्र पुढे काय करावे ते सांगू लागले आहे. साक्षीदार आज्ञा देऊ लागला म्हणजे त्याचा अधिकार तपासावाच लागतो.

सरावास उपयोग किती?

कॅनडातील एरिक बॅनिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये सरावाचे एक गणिती प्रतिमान मांडले. प्रत्येक सरावामुळे शरीरात क्षमता व थकवा दोन्ही निर्माण होतात, थकवा लवकर ओसरतो आणि क्षमता सावकाश. आज सायकलपटू संगणकावर जे आलेख पाहतात त्यांचे मूळ बहुतांशी येथे आहे. यातील क्षमतेसाठी ४२ दिवस व थकव्यासाठी ७ दिवस हे कालावधी प्रचलित प्रणालींत पूर्वनिश्चित असतात. वापरणाऱ्याने ते बदलले नाहीत तर वीस वर्षांचा विद्यार्थी आणि पन्नाशीचा बँक कर्मचारी यांच्या शरीराचा एकाच मापाने हिशेब होतो. प्रतिमान मुळात चुकीचे नाही. त्यातील गृहीतक वाचकाच्या नजरेआड राहते, हा दोष आहे.

प्रत्यक्ष प्रयोगांचे निष्कर्ष उत्साह आवरता घ्यावयास लावणारे आहेत. दक्षिण आफ्रिकेतील जेरोन स्वार्ट व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कसलेल्या सायकलपटूंच्या एका गटाला हृदयगतीनुसार व दुसऱ्याला वॅटनुसार तीव्र सराव दिला. दोन्ही गट सुधारले, परंतु महागड्या मापाने ठळक सरशी केली नाही. २०१६ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये अॅना सॉ व सहकाऱ्यांचा ५६ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. सरावाच्या ताणाचा परिणाम ओळखण्यात खेळाडूने स्वतः सांगितलेली मनःस्थिती व थकवा यांच्या नोंदी अनेक वस्तुनिष्ठ मापांहून अधिक संवेदनक्षम ठरतात, असे त्यात आढळले. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी स्वाराला जाणवणारे श्रम ६ ते २० या श्रेणीत मोजण्याची पद्धत फार पूर्वीच दिली होती. तिला विजेरी लागत नाही.

यावरून आकडे निरुपयोगी आहेत असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सोप्या दिवशी खरोखर सोपे राहणे ही गोष्ट नवख्या सायकलपटूस सर्वांत कठीण जाते. तेथे हृदयगतीचा आकडा लगाम घालतो. एकट्याने लांब चढ चढताना आरंभी उतावीळ न होण्यासाठी वॅटचा आकडा फार उपयोगी पडतो. वेळेच्या टंचाईत सराव करणाऱ्या नोकरदारास आठवड्याच्या नोंदीतून आपली खरी बैठक कळते. आपण किती सायकल चालविली, याविषयी मनुष्याची स्मृती बहुधा उदार असते.

निवडीचा प्रश्न

मग कोणते यंत्र घ्यावे? ज्याला केवळ अंतर व वेग हवा, त्याला तारेचा साधा मापक पुरेसा आहे. अट एकच : चाकाचा परीघ पुस्तिकेतून न घेता स्वतः मोजावा. टायरवर खडूची खूण करून, सायकलीवर बसून, फरशीवर एक पूर्ण फेरा पुढे जावे व दोन खुणांतील अंतर मोजावे. परीघ दोन टक्के चुकला तर शंभर किलोमीटरचे एकशे दोन होतात आणि ती चूक दररोज निमूटपणे वाढत राहते. नियमित सराव करणाऱ्याने पुढची पायरी म्हणून छातीचा पट्टा घ्यावा. अनोळखी रस्त्यांवर फिरणाऱ्यास जीपीएस लागतो. त्यातील उंचीचा आकडा हवेच्या दाबावरून काढलेला असेल तर पावसाळी हवेत तो सरकतो, हे ध्यानात ठेवावे. नोंदी इतरांसाठी खुल्या ठेवताना घराचा पत्ता झाकावा. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्ट्राव्हा’च्या एकत्रित नकाशावरून लष्करी तळांच्या आतील वाटा उघड झाल्या होत्या. शक्तिमापक मात्र निश्चित स्पर्धा आणि आकडे वाचणारा प्रशिक्षक, अथवा तितका अभ्यास करण्याची तयारी असल्याखेरीज घेऊ नये, असे लेखकास वाटते. चांगल्या शक्तिमापकातही एक-दोन टक्क्यांची चूक गृहीत असते. दोनशे वॅटवर ती दोन ते चार वॅट होते. महिनाभराच्या सरावाने तीन वॅट वाढले म्हणून आनंदणारा सायकलपटू कदाचित आपल्या यंत्राचीच चूक साजरी करीत असतो.

आपल्याकडील ब्रेव्हे प्रकारच्या फेऱ्यांत दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. म्हणजे थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटरहून किंचित कमी सरासरी. ती राखण्यास मनगटी घड्याळ पुरते. पुराव्यासाठी कार्डावर शिक्का घेतात. जेथे शिक्का मारणारे कोणी नसे तेथे एटीएमच्या पावतीवरील स्थळ व वेळही ग्राह्य धरली जात असे. पहाटे तीन वाजता महामार्गावरील गावातून शंभर रुपये काढल्याची ती चिठ्ठी आणि १९३९ मधील गॉडविन यांच्या पत्रावरील अनोळखी माणसाची सही ही एकाच जातीची साधने होत. अशा चिठ्ठ्या कोणी सायकलपटूने जपून ठेवल्या असतील, तर महाराष्ट्रातील या खेळाचा इतिहास लिहिणाऱ्याने त्या मिळवाव्यात. त्यांवरील शाई काही वर्षांतच उडून जाते.