यकृताचा तुकडा काय सांगतो?

कावीळ ओसरली की आजार गेला, असे आपण समजतो. पण ब आणि क विषाणू काहींच्या यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम करतात. मग नुकसान किती झाले, हे कसे कळावे?

१८८३ मध्ये पॉल एरलिख यांनी सुईने यकृताचा अंश काढला. १९५८ मध्ये इटलीच्या मेंघिनी यांनी हे काम एका सेकंदावर आणले. सूक्ष्मदर्शकाखाली दाह आणि व्रणतंतू मोजता येऊ लागले. मात्र हा तुकडा म्हणजे यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग. शिवाय रक्तस्रावाचा धोका.

२००३ मध्ये अशाच तुकड्यांशी ताडून रक्तातील एक विकर आणि प्लेटलेट यांवरून अंदाज बांधण्याचे सूत्र आले. म्हणून आज गडचांदूरसारख्या गावी घेतलेल्या रक्तावरूनही बहुधा उपचाराची दिशा ठरवता येते. सुई लागते ती शंका उरली तरच. पण रक्ताची भाषा आपल्याला शिकवली त्या सुईनेच.