हजेरीपटाबाहेरचा उद्योग

काशीतल्या अमृतराव घाटाला आता राजा घाट म्हणतात. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी 1802 साली होळकरांनी पुणे घेतल्यावर काही काळ तिथला कारभार पाहिला. पुढच्या वर्षी इंग्रजांशी करार करून त्यांनी सालीना सात लाखांची नेमणूक पत्करली, काशीला बिऱ्हाड केले आणि 1824 मध्ये तिथेच देह ठेवला. घाट, देवळे, अन्नछत्र ही त्यांची तिथली ओळख. मराठी माणसाच्या मनातली काशी अशीच दानधर्माची आहे, आणि तिच्यात बाई दिसते ती दोनच रूपांत: अहल्याबाईंसारखी देणारी, नाहीतर काशीवासाला येऊन छत्रातल्या अन्नावर दिवस काढणारी विधवा. कमावणाऱ्या बाईला या आठवणीत जागा नाही. घाटाच्या पायऱ्या चढून गल्ल्यांमधून पश्चिमेला थोडे चालले, की मदनपुरा लागतो. आपल्या लग्नांतला बनारसी शालू ज्या मोहल्ल्यांत विणला जातो, त्यांतला हा जुना आणि नामांकित मोहल्ला. मोठ्या शहरातल्या बायकांना कोणता उद्योग काम देतो, हा प्रश्न इथे विचारला तर उत्तर मिळते की विणकाम पुरुषांचे. हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे का सांगितले जात नाही, हे तपासण्याजोगे आहे.

खड्ड्यातल्या मागावर पुरुष बसतो, हे खरे. पण माग चालतो तो बाण्याच्या सुतावर, आणि ते सूत धोट्यात जाण्याआधी लहानशा कांडीवर गुंडाळावे लागते. इचलकरंजी-मालेगावात याला कांडी भरणे म्हणतात, बनारसमध्ये नरी भरणे. एका हाताने चरखा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतून रेशमाची तार सोडायची. ताण जास्त झाला तर तार तुटते, कमी झाला तर नरी सैल भरते आणि धोटा पळताना गुंता होतो. शालू मागावरून उतरला तरी काम संपत नाही. फेकुआ पद्धतीच्या विणीत नक्षीचे धागे एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत कापडाच्या मागच्या अंगाला मोकळे लोंबत राहतात. ते कात्रीने एकेक कापावे लागतात आणि मूळ विणीला धक्का लागता कामा नये. कात्री एकदा चुकली तर आठवड्यांची मेहनत वाया. नरी भरणे आणि कटाई ही दोन्ही कामे बहुतांशी घरातल्या बायका-मुली करतात. विणकराला काम देणारा मध्यस्थ, म्हणजे गिरस्ता, मात्र मजुरी मोजतो ती नगावर, आणि मोजून देतो ती विणकराच्या हातात. बायकोची नरी त्या नगातच जमा.

आता मुंबईकडे पाहू. 1854 साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची उभारणी हाती घेतली, आणि पुढे गिरण्या वाढल्या तशा रत्नागिरी, सातारा, पुण्याकडच्या बायका त्यांत शिरल्या. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत होत्या, म्हणजे सूत उलगडून गुंडाळण्याच्या कामावर. कामाची जात तीच, फक्त चरख्याच्या जागी यंत्र आले. पण इथे हजेरीपट होता, पगाराचा दिवस होता, बायांवर देखरेख करणारी नायकीण होती. 1891 च्या कारखाना कायद्याने बाईचा कामाचा दिवस अकरा तासांवर बांधला; 1929 मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. 1928 च्या संपाच्या काळात उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी गिरणीतल्या बायांना संघटित केले. एका शहरात सूत गुंडाळण्याला मजुरी, कायदा आणि संघटना मिळाली. दुसऱ्या शहरात तेच काम घरकामात मोडले. म्हणून माझे म्हणणे असे, की एखादा उद्योग बायकांना काम देतो की नाही हे कामावरून ठरलेले नाही. ते हजेरीपट कुठे ठेवला होता, यावरून ठरले.

यावर पहिला आक्षेप पडद्याचा. बनारसचे बहुतेक विणकर अन्सारी मुसलमान, त्यांच्या बायका घराबाहेर कामाला जात नाहीत, त्याला कोण काय करणार? पण पडद्याने काम कुठे थांबवले? त्याने फार तर कामाची जागा ठरवली. घरात बसून काम केले म्हणून मजुरी बुडावी, असे त्यातून निघत नाही. घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका सगळ्या जातीधर्मांच्या आहेत, आणि 1966 च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: घरची कमाई एकत्रच असते, बायकोचा वाटा वेगळा काढून काय साधणार? भाव ठरवताना काय होते ते पाहा. नगाच्या दरात विणकराचे दिवस धरले जातात, बायकोचे धरले जात नाहीत. म्हणजे फुकट गेलेल्या त्या दिवसांचा फायदा कुटुंबाला न होता गिरस्त्याला आणि त्याच्यावरच्या गद्दीदार व्यापाऱ्याला होतो. जनगणनेलाही हे उशिराच उमगले. घरच्या उद्योगातले बिनपगारी कामही काम धरावे, हे तिच्या प्रश्नातच स्पष्ट लिहिले गेले ते 1991 मध्ये. 2019-20 च्या हातमाग गणनेने विणकरांबरोबर पूरक कामे करणाऱ्यांनाही मोजले, तेव्हा देशातल्या सुमारे 35 लाख हातमाग कामगारांत शेकडा सत्तरहून अधिक स्त्रिया निघाल्या. यात ईशान्येकडच्या, स्वतः मागावर बसणाऱ्या बायकांचा वाटा फार मोठा आहे, त्यामुळे हा आकडा बनारसला जसाच्या तसा लावता येणार नाही. मोजण्याची व्याख्या रुंदावली की उद्योगाचा चेहरा बदलतो, एवढे मात्र त्यावरून नक्की म्हणता येते.

उरतो तिसरा आक्षेप, गिरणीचे गोडवे गाण्याबद्दलचा. तो रास्त आहे. नायकिणीची दस्तुरी, चाळीतल्या खोलीत सोडलेली तान्ही मुले, सगळे तिथे होते. आणि कामे तोडायची वेळ आली तेव्हा आधी बायाच गेल्या: 1920 च्या दशकापर्यंत दर चार-पाच कामगारांत एक बाई होती, पुढच्या चार-पाच दशकांत हे प्रमाण शेकडा दहाच्या खाली उतरले. पण ही घसरण आज सांगता येते, कारण त्या बायांची नावे कधीकाळी पटावर चढली होती. बनारसमध्ये यंत्रमाग पसरले, सुरतेचा स्वस्त माल आला, हातमाग एकामागून एक थंडावले. विणकर रिक्षा ओढू लागले, सुरतेला गेले, हे नोंदले गेले. प्रत्येक थंड मागामागे एक चरखाही थांबला होता. त्या चरख्यांवरच्या किती जणींचे काम गेले हे कोणत्याच कागदावर सापडत नाही, कारण त्या कामाला होत्या हेच कुणी लिहून ठेवले नव्हते.