खुर्च्यांच्या दोन्ही टोकांना

अंबरनाथकडून आलेल्या गाडीतून तुम्ही उल्हासनगरला उतरता. साल १९६८. फेब्रुवारीचे दिवस, उन्हाला अजून धार नाही. डब्यातली बरीच पोरं तुमच्याबरोबरच उतरतात. कुणाचे वडील विम्कोच्या काडेपेटी कारखान्यात, कुणाचे ऑर्डनन्स फॅक्टरीत, कुणाची बदलापूरला भातशेती. प्रत्येकाच्या हातात एकच वही, पण आज भांग मात्र पाण्याने नीट बसवलेला. एकाने तर थोरल्या भावाचा कोट मागून आणलाय, बाह्या बोटांपर्यंत येतात. आज कॉलेजात ग्रुप फोटो आहे.

कॉलेज स्टेशनला लागूनच. श्रीमती चांदीबाई हिंमतमल मनसुखानी कॉलेज हे पूर्ण नाव मार्कशीटवर. तोंडात सगळ्यांच्या नुसतं ‘चांदीबाई’. उल्हासनगरच्या याच भागात, कॅम्प तीनमध्ये, तलरेजा कॉलेजही आहे, १९६१ पासूनचं. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावणीला वीस वर्षं होतात न होतात तोच तिच्या एका कॅम्पात दोन कॉलेजं उभी आहेत. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा.

फोटोला अवकाश आहे, तोवर गल्लीत शिरा. या लांबलचक बराकी दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधल्या, तेव्हा हा कल्याणचा ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी माणसं इथे आली, बरीचशी कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने. एका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचा नाहीतर जुन्या साडीचा पडदा. नळ सामाईक, संडास सामाईक. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिलं. पत्ता मात्र अजून बराक नंबर आणि खोली नंबर असाच सांगतात.

एका खोलीचं दार उघडं आहे. आत एक प्राध्यापक पत्र्याच्या ट्रंकेवर आरसा टेकवून टाय बांधताहेत. त्यांना तुम्ही दिसत नाही, तेव्हा ट्रंक उघडून बघायला हरकत नाही. सगळ्यात तळाशी, कापडात गुंडाळलेली बी.ए.ची पदवी आहे. शिकले कराचीत, पदवी मुंबई विद्यापीठाची.

यात चूक काही नाही. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. वेगळा प्रांत झाल्यावरही तिथली कॉलेजं मुंबई विद्यापीठालाच जोडलेली राहिली. सिंधला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते थेट १९४७ मध्ये. कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज १८८७ चं. तिथून बाहेर पडलेल्या पिढ्यानपिढ्यांनी मुंबईच्याच परीक्षा दिल्या. घर गेलं, शेत गेलं, पुस्तकांची कपाटं गेली. विद्यापीठ तेवढं तेच राहिलं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. सीमा ओलांडून आलेल्या मास्तराला इथे आपण कोण हे पहिल्यापासून सिद्ध करावं लागलं नाही, एका कागदाने तेवढं ओझं कमी केलं. असेच सिंधहून आलेले प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्येच वांद्र्याला नॅशनल कॉलेज उभं केलं. चांदीबाई हे त्यांच्याच संस्थेचं.

पण या खोलीच्या भिंतीकडे बघा. देवाची तसबीर आहे, कॅलेंडर आहे, विद्यार्थीदशेतला एकही फोटो नाही. तो तिकडच्या घराच्या भिंतीवर राहिला. म्हणून आज टाय तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधला जातोय.

आता मैदानात चला. पुढे सतरंजी, मग खुर्च्या, मग उभी ओळ, तिच्या मागे वर्गातून आणलेले बाक. बाक उचलून आणले दोन शिपायांनी, सकाळपासून. मास्तरांत सिंधी बोलणं चाललंय. गेल्याच वर्षी, १० एप्रिल १९६७ ला, सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, तो आनंद अजून ताजा आहे. याच उल्हासनगरात राहून मोहन कल्पना सिंधीत कथा-कादंबऱ्या लिहिताहेत. मागच्या बाकांवर मराठी, आगरी बोलीतली कुजबुज. पुढच्या रांगेतला मास्तर मागे वळून मोडक्या मराठीत दटावतो, “गप्प बसा ना रे!” आणि सगळी रांग हसते.

फोटोवाला काळ्या कापडाखाली शिरतो. तुम्हीही डोकं घाला. दुधी काचेवर सगळं कॉलेज उलटं लटकलेलं दिसेल: पाय वर, डोकी खाली, कडा पुसट. कडांना जास्त वेळ बघा. डाव्या टोकाला लॅब अटेंडंट, बोटांवर ॲसिडचे पिवळे डाग. उजव्या टोकाला ते दोन शिपाई, खाकी कपड्यांत, हात कुठे ठेवावेत ते न कळून पाठीमागे बांधलेले. ग्रंथालयात पुस्तकं काढून देणारा अर्धवट दिसतो, त्याचा एक खांदा चौकटीबाहेर. “हलू नका!” बल्बचा दाब, एक लख्ख क्षण, आणि कोट मागून आणलेला मुलगा नेमका तेव्हाच मान वळवतो. तो कायमचा धूसर राहणार.

आठवड्याने जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली प्रत येते. खाली टाइप केलेली नावं: खुर्च्यांवरच्या सगळ्यांची, उभ्यांतल्या काहींची. टोकाच्या माणसांपाशी यादी संपते.

पुढची वर्षं भरभर उलटतात. काचेमागे दमट हवा साठते, काळ्या कोटांवर चंदेरी झाक चढते, कोपऱ्यात बुरशी धरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडतो, उल्हास नदी पात्र सोडते आणि बदलापूरपासून कल्याणपर्यंत तळमजल्यांवरच्या ट्रंका, कपाटं पाण्यात जातात. भिजलेल्या फोटोंचा गठ्ठा तसाच वाळला की जिलेटिन चिकटून त्याची एक वीट होते, मग एकही चेहरा सुटा होत नाही. अशा विटा या भागात अनेक घरांनी फेकून दिल्या.

ज्या प्रती वाचल्या त्या आता मोबाइलवर फिरतात. त्यातली एक तुमच्याकडेही येईल. आली की ती नुसती पुढे पाठवू नका. १९६८ मध्ये एकोणीस वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याहत्तरी ओलांडून अंबरनाथला, बदलापूरला, कॅम्प चारच्या एखाद्या घरात बसलेला आहे, आणि त्याला लॅबमधल्या त्या माणसाची हाक मारायची लकबसुद्धा आठवते. त्याच्याकडे जा. मूळ प्रत असेल तर तिला प्लास्टिक लॅमिनेशन करू नका, मागे बॉलपेन चालवू नका. मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, पुठ्ठ्याच्या कडेला लिहा. नाव, गाव, काम, आणि कळलं तर बराक नंबर. सुरुवात दोन्ही टोकांपासून करा. खुर्चीवरच्यांची नावं छापलेली आहेतच.