पतंगाच्या आधीचा किडा

संगणकाने दगा दिला की पोरे म्हणतात, ‘बग आहे.’ बग म्हणजे किडा. हा किडा यंत्रात कसा शिरला, याची गोष्ट मी वर्गात पुष्कळ वर्षे रंगवून सांगत आलो.

गोष्ट अमेरिकेतली. दिवस ९ सप्टेंबर १९४७. हार्वर्ड विद्यापीठातले ‘मार्क टू’ नावाचे अवाढव्य गणकयंत्र अडले. त्या यंत्राचा सारा कारभार रिलेंवर चाले. वीज आली की लोहचुंबक पट्टी ओढी, दोन टोके भिडत आणि हिशेब पुढे सरके. शोधता शोधता ‘एफ’ फळीवरच्या ७० क्रमांकाच्या रिलेत सापडला एक पतंग! मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला आणि लिहून ठेवले, किडा खरोखरच सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग. तेव्हापासून यंत्राच्या चुकीला बग म्हणू लागले, असे मी सांगे. मुले हसत, तास संपे.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, मग ‘खरोखरच’ कशाला लिहिलं?”

मी गप्प! आधी खोटे किडे असल्याशिवाय खऱ्याचे कौतुक कसले? तो शब्द त्या मंडळींच्या तोंडी आधीच रुळलेला होता. नोंद ही नुसती कोटी होती.

घरी येऊन शोध घेतला, तर हा किडा थेट एडिसनच्या घरचा निघाला. नव्या शोधात ज्या बारीकसारीक खोडी डोके वर काढतात त्यांना त्याने १८७८ सालच्या एका पत्रात ‘बग’च म्हटले आहे, आणि त्या निस्तरायला महिनोन्‌महिने राबावे लागते हेही सांगितले आहे. १८८९ साली लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’ने बातमी दिली की, फोनोग्राफमधला किडा हुडकत एडिसनने दोन रात्री जागून काढल्या. वर खुलासाही केला : हा किडा काल्पनिक बरे का!

मग पतंगाचा एवढा बोलबाला कसा झाला? ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाईंमुळे. त्या नौदलातल्या, हार्वर्डच्याच चमूतल्या. म्हातारपणापर्यंत त्यांनी ही गोष्ट इतकी छान सांगितली की लोकांनी पतंग पकडण्याचे श्रेयही त्यांनाच देऊन टाकले. पकडणारे दुसरेच होते. गोष्ट सांगणाऱ्याचे असे होते खरे. मला त्यांचा राग येत नाही.

ती नोंदवही स्मिथ्सोनियन संग्रहालयाकडे आहे, पतंगासकट. मी मात्र हल्ली गोष्ट एडिसनपासून सुरू करतो, आणि ‘खरोखरच’ हा शब्द फळ्यावर लिहितो.