निळ्या रंगाची साक्ष

बोरॅक्स मण्याची चाचणी आपल्यापैकी अनेकांनी केलेली असेल. तापलेल्या मण्याला कोबाल्टच्या क्षाराचा कण लागला की मणी गर्द निळा होतो. चौदाव्या शतकातील चिनी मातीच्या ताटांवरची निळाई हीच. वितळलेल्या काचेत विरघळलेले कोबाल्ट तेथेही तेच काम करते.

ही ताटे युआन राजवटीत जिंगडेझेन येथे बनत. त्यांतली कित्येक हातभर रुंद असत. कच्च्या ताटावर कुंचल्याने कमळे, मासे, वेली काढीत. कोरडी माती रंग लगेच शोषते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसायची सोय नाही. शिवाय रंगवताना सारे काळपटच दिसते. वर झिलई देऊन ताट सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजले, की मग निळा रंग उमलतो. एवढी धग सोसणारे रंग थोडेच. तांब्यापासूनचा लाल रंगही या कुंभारांनी वापरला. पण भट्टीतील हवा जरा बदलली की तो करडा पडे किंवा उडून जाई.

मग हे कोबाल्ट आले कोठून? चीनमध्येही त्याचे खनिज सापडते, मात्र त्यात मँगनीज भरपूर असते. युआन ताटांवरील निळ्यात मँगनीज फार कमी आणि लोह जास्त भरते. क्ष-किरण प्रतिदीप्तीने हे तपासताना ताटाचा टवकाही काढावा लागत नाही. हा रंग पश्चिमेकडून, बहुधा इराणातून आला असावा, असे मानतात. काशानचे कुंभार कोबाल्ट वापरण्यात आधीपासूनच मुरलेले होते. पण जिंगडेझेनसारखी टणक, पांढरी भांडी त्यांना साधत नव्हती. शिवाय एवढ्या मोठ्या ताटांना गिऱ्हाईकही मुख्यतः पश्चिम आशियातले, जेथे अनेकजण एका ताटात जेवत. ज्याला आपण अस्सल चिनी समजतो, त्याचा रंग आणि आकार दोन्ही असे परदेशाशी बांधलेले आहेत!

या ताटांचे वय मात्र बराच काळ कोणी ओळखले नव्हते. चांगले निळे-पांढरे काम म्हणजे मिंग काळातले, अशीच समजूत होती. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आज असलेल्या दोन उंच फुलदाण्यांवर एका मंदिराला अर्पण केल्याचा लेख आहे, आणि त्यातले वर्ष निघते १३५१. हॉब्सन यांनी १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या, तरी त्यांचे मोल पुरते कळायला दोन दशके गेली. १९५० नंतर जॉन पोप यांनी त्यांच्यावरील नक्षीशी ताडून इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील व इराणमधील आर्दबीलच्या संग्रहातील चौदाव्या शतकाची भांडी वेगळी काढली. पुढे दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यातही असे तुकडे मिळाले.

तळाच्या शिक्क्यावर तर आम्ही मुळीच विसंबणार नाही. पुढच्या पिढ्यांतील कुंभार, कधी निव्वळ आदरापोटी, आपल्या भांड्यांवर शुआन्दे (१४२६ ते १४३५) सम्राटाचे नाव घालीत. रसायनशास्त्राचा पुरावा अधिक भरवशाचा, पण तोही एकटा पुरेसा नाही. पंधराव्या शतकापासून देशी खनिजाचा वापर वाढत गेला, मिश्रणेही झाली, त्यामुळे मँगनीजचे प्रमाण काळाबरोबर सरळ रेषेत चढत नाही. आजच्या बनावट ताटात कारखान्यातले शुद्ध कोबाल्ट ऑक्साइड वापरले असेल, तर मँगनीज कमी भरेलच. मात्र जुन्या खनिजाबरोबर आलेले लोहही तेथे कमीच सापडेल.